राजकीय अशांतता असलेल्या देशात जावे की बेत रद्द करावा? निर्णय कसा घ्यावा?

शमिका

नमस्कार. दोन महिन्यांनी आम्ही एका देशात सहलीला जाण्याचे ठरवले आहे. आम्ही दोघे, सोळा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण आहोत. तिकिटे निघाली, मुक्काम ठरले, आणि त्यानंतर तिथल्या राजधानीत सरकारविरोधी आंदोलन पेटले. देशाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले, की तिथले सरकार बरोबर की आंदोलक बरोबर यावरच चर्चा रंगेल आणि माझा प्रश्न तसाच राहील.

परिस्थिती अशी आहे. राजधानीत जवळपास रोज मोर्चे निघतात, काही वेळा अश्रुधुराचा वापर झाला आणि एकदा रात्रीची संचारबंदी लागून सकाळी उठली. देशाच्या उरलेल्या भागात सध्या शांतता दिसते. आमचा बहुतेक मुक्काम राजधानीपासून दूर, डोंगरातल्या एका खोऱ्यात आहे. मात्र उतरायचे आणि परत निघायचे ते राजधानीच्याच विमानतळावरून. सासऱ्यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात.

घरात दोन तट पडले आहेत. आमच्या ह्यांचे म्हणणे असे, की वृत्तवाहिन्या एकच जळती बस चार दिवस दाखवतात, आणि एवढ्या मोठ्या देशात नेमके आपल्यालाच काय होणार आहे? सासूबाई म्हणतात, जीव मुठीत धरून करायची ती सहल कसली? मी हॉटेलला लिहून विचारले, तर 'सर्व काही सुरळीत आहे, आपले स्वागत आहे' असे एका ओळीचे उत्तर आले. मला 'जा' किंवा 'जाऊ नका' असा कौल नको आहे. असा निर्णय कोणत्या गोष्टी पाहून आणि किती आधी घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

वाटसरू

शमिकाताई, 'तो देश सुरक्षित आहे का' हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या स्वभावावर ठरते. तुमच्या घरात तेच चालले आहे. मी विचारतो ते असे, की परिस्थिती बिघडली तर मी तिथून कोणत्या वाटेने बाहेर पडेन, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी आहे का. अशा आंदोलनांत परदेशी पाहुण्यावर हल्ला होण्यापेक्षा तो अडकून पडण्याची शक्यता सहसा कितीतरी जास्त असते.

नोव्हेंबर २००८ मध्ये मी बँकॉकमध्ये होतो. २५ नोव्हेंबरला आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळाचा ताबा घेतला, तो ३ डिसेंबरपर्यंत सोडला नाही. दोन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. शहरात दुकाने उघडी होती, बस चालू होत्या, आमच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. फक्त घरी जाता येत नव्हते. काही विमाने सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या उतापाओ या लष्करी धावपट्टीवरून सोडण्यात आली. तिथल्या इमारतीचा आकार आणि बाहेर उभी माणसे यांचा काही मेळच नव्हता. लोक बॅगांवर बसून होते, आणि यादी वाचणाऱ्या कर्मचाऱ्याचा आवाज चौथ्या रांगेपुढे पोहोचत नव्हता. ज्यांच्याजवळ औषध होते आणि लहान मूल किंवा वृद्ध सोबत नव्हते, त्यांना हा केवळ मनस्ताप होता. बाकीच्यांसाठी ते संकट होते.

दुसरे उदाहरण तुमच्या खोऱ्यासाठी अधिक बोलके आहे. पेरूमध्ये ७ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांना पदावरून दूर केल्यावर दक्षिणेत आंदोलन उसळले. तिथल्या माचू पिचू या डोंगरावरच्या प्राचीन अवशेषांच्या पायथ्याच्या गावापर्यंत गाडीरस्ता नाही. आगगाडीने जायचे, नाहीतर रुळांच्या कडेने चालत. आगगाडी बंद झाली, त्या भागातल्या कुस्को शहराचा विमानतळही काही दिवस बंद राहिला आणि शेकडो पर्यटक वर अडकले. काही जण रुळांवरून चालत खाली आले. शेवटी गाडी सोडली, तेव्हा रुळावर एवढा मोठा दगड पडलेला होता, की शेवटचा टप्पा प्रवाशांना पायीच उरकावा लागला. राजधानी लिमा तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणजे 'गडबड राजधानीत आहे, आपण तर लांब असू' हा दिलासा अर्धाच खरा असतो. राजधानीत दहा रस्ते असतात, खोऱ्यात अनेकदा एकच.

म्हणून नकाशा उघडा आणि पाहा: खोऱ्यातून बाहेर पडायला किती रस्ते आहेत, त्यांवर पूल किंवा घाट किती आहेत, विमानतळाचा रस्ता शहराच्या मध्यातून जातो की बाहेरून, आणि दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ किंवा जमिनीवरची सीमा किती तासांवर आहे. शेजारच्या देशाचा व्हिसा तुम्हाला सीमेवर मिळतो का, हेही आधीच पाहून ठेवावे. रात्री अकरा वाजता सीमेवर उभे राहून ते शोधत बसू नये.

रविवारचा प्रवासी

वाटसरू यांनी एकदम घाबरवून सोडले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. प्रत्येक आंदोलन सारखे नसते. काही आंदोलनांना वेळापत्रक असते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ पासून पिवळ्या जाकिटांचे आंदोलन चालले, ते मुख्यतः शनिवारी. पॅरिसमधील विशिष्ट रस्त्यांवर, विशेषतः शाँझेलिझे भागात, शनिवारी जाळपोळ होत असे. ८ डिसेंबर २०१८ च्या शनिवारी तर आयफेल टॉवर आणि लूव्र संग्रहालय खबरदारी म्हणून बंद ठेवले होते. मंगळवारी तेच शहर नेहमीसारखे असे. ज्याने शनिवार शहराबाहेर काढला त्याची सहल नीट पार पडली.

आंदोलनाचा वार, वेळ आणि जागा ठरलेली असेल, मागणी मर्यादित असेल आणि पोलीस व आंदोलक दोघेही काही एक संयम पाळत असतील, तर मी जातो. ते कोणत्या गल्लीत कधी फुटेल हे सांगता येत नसेल, तर जात नाही. शमिकाताईंच्या वर्णनावरून ते पहिल्या प्रकारातले वाटते.

वाटसरू

पहिल्या प्रकारातले दुसऱ्यात कधी जाते, हे मात्र कोणी कळवत नाही. नेपाळमध्ये ४ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुणांचा मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि एका दिवसात किमान १९ जण मृत्युमुखी पडले. ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन आणि सिंहदरबार हे सरकारचे मुख्यालय पेटवले गेले, काठमांडूचा विमानतळ बंद झाला. १० तारखेला विमाने पुन्हा सुरू झाली आणि १२ तारखेला सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. सगळे आठवडाभरात आटोपले. कोणत्याही दूतावासाची सूचना या वेगाच्या पुढे धावू शकली नसती. त्या जाळपोळीत राजधानीतील एक मोठे तारांकित हॉटेलही जळाले. त्यामुळे महागडे हॉटेल म्हणजे सुरक्षित हॉटेल, हेही गृहीत धरू नये. संसद, पक्षकार्यालये, पोलीस मुख्यालय आणि नेत्यांची घरे यांच्यापासून लांब असलेले साधे हॉटेल मला अधिक बरे वाटते.

माझ्या दृष्टीने परिस्थिती पालटल्याच्या खुणा अशा: आंदोलकांपैकी कोणाचा तरी पहिला मृत्यू, कारण त्यानंतरची अंत्ययात्रा हाच नवा मोर्चा होतो, इंटरनेटवर किंवा समाजमाध्यमांवर बंदी, पोलिसांच्या जागी लष्कर रस्त्यावर येणे, आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनात वाहतूक, बंदर किंवा इंधन क्षेत्रातील कामगार संघटनांनी उतरणे. शेवटची खूण प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि बातम्यांत तिला सर्वांत कमी जागा मिळते.

अटी_लागू

मी प्रवास विम्याच्या दाव्यांचे काम करतो, म्हणून पैशांच्या आणि कागदांच्या बाजूने लिहितो. या धाग्यात ती बाजू अजून आलेली नाही, आणि निर्णयाची तारीख बहुतेक वेळा तीच ठरवते.

प्रथम सरकारी प्रवाससूचना. अमेरिकेचे आणि ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्र खाते प्रत्येकी चार पायऱ्यांची सूचना देते: नेहमीची काळजी, अधिक काळजी, जाण्याचा फेरविचार करा, आणि जाऊ नका. (ऑस्ट्रेलियाचे शब्द थोडे वेगळे आहेत, पायऱ्या तशाच.) ब्रिटन 'अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळा' आणि 'सर्व प्रवास टाळा' असे दोन इशारे देते आणि बऱ्याचदा ते देशातील ठरावीक भागापुरते असतात. लोक केवळ पायरीचा आकडा पाहतात, हे चुकीचे आहे. खालचा मजकूर वाचा: कोणता जिल्हा, कोणता महामार्ग, कोणत्या वेळी, आणि सूचना शेवटची कधी बदलली ती तारीख. दोन-तीन देशांच्या सूचना शेजारी ठेवून वाचल्या, की प्रत्येकाचे स्वतःचे राजकारण वजा होऊन उरते ते बरेचसे खरे असते. आणि आपल्या स्वतःच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वेगळी वाचा, कारण अडकल्यावर मदत तिथूनच मागायची आहे.

आता विमा. बहुसंख्य पॉलिसींमध्ये 'मला भीती वाटली म्हणून गेलो नाही' हे कारण ग्राह्य नसते. युद्ध जवळपास नेहमीच वगळलेले असते. दंगल आणि नागरी उठाव कुठे वगळलेले असतात, कुठे अंशतः समाविष्ट असतात. ज्या भागात जाऊ नका असे आपल्या सरकारने सांगितले आहे तिथे गेल्यास अनेक पॉलिसी निष्प्रभ ठरतात, आणि त्यात वैद्यकीय खर्चाचे कलमही येऊ शकते. म्हणजे आंदोलनाशी काडीचा संबंध नसताना पाय मोडला, तरी दावा अडचणीत येऊ शकतो. 'कोणत्याही कारणाने रद्द' असे जादा कलम काही देशांत विकत मिळते. अमेरिकेत ते साधारणपणे पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावे लागते आणि खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत मिळतात.

तिकिटांचा नियम याहून सोपा आहे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर बहुतेक ठिकाणी पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान मिळण्याचा हक्क असतो. तुम्ही रद्द केले तर तुमच्या तिकिटाच्या अटी लागू होतात. युरोपीय संघाच्या नियमांत राजकीय अस्थिरता हे असाधारण कारण धरले जाते, त्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही, पण परतावा किंवा पर्यायी विमान, आणि विमानाची वाट पाहायची असल्यास जेवण व मुक्काम, ही जबाबदारी कंपनीवर राहते. म्हणून घाईने स्वतः रद्द करणे अनेकदा महाग पडते. उलट, हॉटेलचे 'विनाशुल्क रद्द' करण्याची मुदत एकदा उलटली की ते पैसे बुडतात.

तेव्हा शमिकाताई, कागद-पेन घेऊन प्रत्येक बुकिंगची शेवटची फुकट तारीख लिहून काढा. त्यांतली जी सर्वांत मोठी रक्कम वाचवते, ती तुमच्या निर्णयाची तारीख. त्या दिवसापर्यंत रोज रात्री वाद घालण्याची गरज नाही. काय दिसले तर रद्द करायचे, हे मात्र आजच सर्वांनी मिळून लिहून ठेवावे. पैसे भरलेले असले, की माणूस वाईट बातमीतही चांगला अर्थ शोधू लागतो. आधी लिहून ठेवलेली अट त्याला बधत नाही.

मृदुला_पां

पैसे आणि वाटा यांच्या पलीकडे एक प्रश्न राहतो, तो असा, की अशा वेळी पर्यटक म्हणून तिथे जाणे योग्य आहे का. 'तुम्ही गेलात तर तिथल्या गरिबाला रोजगार मिळेल' असे सर्रास म्हटले जाते. ते अनेकदा खरे असते. आंदोलनाने सर्वांत आधी पोट मारले जाते ते वाटाडे, चालक आणि छोट्या खानावळीवाल्यांचे. पण ते नेहमीच खरे असते असे नाही. म्यानमारच्या लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान स्यू ची यांनीच पर्यटकांना येऊ नका असे सांगितले होते, कारण पाहुण्यांची गर्दी राजवटीला मान्यतेच्या दाखल्यासारखी वापरता येत होती. पुढे २०१० नंतर त्यांच्या पक्षाने ही भूमिका सौम्य केली. म्हणजे तिथल्याच लोकांचे याबद्दलचे मत काळानुसार बदलले. आपण दूर बसून त्यांच्या वतीने ठरवू नये, त्यांना विचारावे.

श्रीलंकेचे २०२२ चे उदाहरण याहून वेगळे आहे. ९ जुलैला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, ही दृश्ये जगाने पाहिली, पण पर्यटकांवर राग कोणाचाच नव्हता. अडचण होती ती इंधनाची आणि विजेची. मार्चच्या शेवटी दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जात होती, जूनअखेरीस अत्यावश्यक सेवा वगळता इंधनविक्रीच थांबवली गेली. अशा ठिकाणी गेलेला प्रत्येक पाहुणा डिझेलच्या रांगेत वाटेकरी असतो. रस्त्यावर दगडफेक नाही म्हणून जावे, असे मला तरी वाटत नाही. रुग्णवाहिकेला तेल मिळते का, हे मी आधी विचारीन.

इथे सासऱ्यांच्या इन्सुलिनचा मुद्दा येतो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते. बहुतेक प्रकारचे इन्सुलिन उघडल्यावर ३० अंशांपेक्षा कमी तापमानाला साधारण २८ दिवस टिकते, पण तुमच्या प्रकाराचे नेमके डॉक्टरांना विचारा. लागणाऱ्या मात्रेच्या दुप्पट सोबत घ्या, ते विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, आणि औषधाच्या मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी दोन प्रतींत ठेवा. हॉटेलला 'परिस्थिती कशी आहे' असे विचारू नका, त्यावर गोड उत्तरच येते. 'जनरेटर आहे का, तो किती तास चालतो आणि गेल्या आठवड्यात किती वेळा चालवावा लागला' असे विचारा.

काठावरचा

मुलगी सोळा वर्षांची आहे म्हणून लिहितो. त्या वयात मोर्चाचे चित्रीकरण करण्याचा मोह होतो, आणि अनेक देशांत पोलिसांचे किंवा लष्करी वाहनांचे चित्रीकरण हा गुन्हा असतो. परदेशी व्यक्तीने निदर्शनांत भाग घेणे व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकते, आणि 'मी फक्त पाहत होते' हे पोलिसांना पटवता येईलच असे नाही. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारानुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, ते तिला शिकवून ठेवा. घरात कोणाकडे त्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर मात्र दूतावासाचे हात बहुधा बांधलेले असतात.

शिवाय इंटरनेट जाईल हे धरूनच चाला. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये मोबाइल इंटरनेट सुमारे दहा दिवस बंद होते. तिकिटे, विम्याचा क्रमांक, दूतावासाचा दूरध्वनी आणि हॉटेलचा स्थानिक लिपीतील पत्ता कागदावर हवा. नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. रोख रक्कम दोन जणांकडे विभागून हवी. मागे राहणाऱ्या नातेवाइकांना सांगून जा, की दोन दिवस निरोप आला नाही तर घाबरू नका, तिसऱ्या दिवशी अमुक क्रमांकावर चौकशी करा. नाहीतर तुम्ही खोऱ्यात निवांत असाल आणि इकडे त्यांचा जीव टांगणीला लागलेला असेल.

शमिका

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री नकाशा घेऊन बसलो. खोऱ्याला एकच रस्ता आहे आणि त्यावर दोन पूल आहेत, हे आमच्या ह्यांनीच शोधून काढले आणि त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हॉटेलला जनरेटरचा प्रश्न विचारला, तर या वेळी उत्तर सविस्तर आले: जनरेटर आहे, पण डिझेल शहरातून आणावे लागते आणि मागच्या आठवड्यात ते उशिरा पोहोचले.

सध्या असे ठरले आहे. खोऱ्याचा मुक्काम रद्द केला आहे. त्याची फुकट मुदत अजून होती. त्याऐवजी समुद्रकाठच्या ज्या शहराला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, तिथला विचार चालू आहे. उरलेल्या बुकिंगची सर्वांत महत्त्वाची तारीख प्रवासाच्या तीन आठवडे आधीची आहे. त्या दिवसापर्यंत संचारबंदी पुन्हा लागली, कोणाचा मृत्यू झाला, किंवा वाहतूक कामगार संपावर गेले, यांपैकी एक जरी घडले तरी जायचे नाही, असे पाचही जणांनी मान्य केले आहे. सासरे म्हणतात, काही न घडले तरी मी घरी राहतो, तुम्ही जा. ते सासूबाईंना मान्य नाही, त्यामुळे तो वाद उरलाच आहे. विमा मात्र अजून घेतलेला नाही. तो निर्णयाच्या दिवशी घ्यावा असा विचार आहे.

अटी_लागू

तो तेव्हा घेऊ नका. पॉलिसी घेण्याच्या दिवशी जी घटना जाहीर असते, ती 'आधीच माहीत असलेली' म्हणून तिच्याशी संबंधित दावे बहुतेक कंपन्या नाकारतात. हे आंदोलन आजही बातम्यांत आहे, त्यामुळे त्याच्यामुळे सहल रद्द झाल्यास पैसे मिळण्याची आशा आता फारशी धरू नका. पण आज घेतलेल्या पॉलिसीत आजारपण, विमानाचा इतर कारणांनी झालेला उशीर आणि सामान हे भाग तरी सुरू होतील. सासऱ्यांचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. आणि पैसे भरण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न ईमेलने विचारा: अमुक देशातील सध्याचे आंदोलन माहीत असलेली घटना मानली जाते का, आणि तिथे असताना आमच्या सरकारची सूचना बदलली तर संरक्षण त्याच दिवशी संपते की बाहेर पडायला काही दिवस मिळतात. दुसऱ्याचे उत्तर कंपनीगणिक बदलते. फोनवर मिळालेले उत्तर दाव्याच्या वेळी कामी येत नाही, ते लेखीच घ्या.